सेक्रेटरिएटच्या शेजारचं घर

पणजीत येऊन संमोहनतज्ज्ञ आबे फारियाच्या पुतळ्याचा फोटो न काढता परत गेलेलं कुणी मला तरी माहीत नाही. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ साली घडवलेला तो पुतळा आहेच तसा, हात पुढे केलेला झगेवाला पाद्री आणि समोर मागे कलंडत चाललेली बाई, लहान मुलं तर घाबरतातच. मग चार पावलं सरकून जुन्या सेक्रेटरिएटचा, म्हणजे मूळच्या आदिलशहाच्या राजवाड्याचा एक फोटो. मग रस्ता ओलांडून मांडवी, कॅसिनोच्या बोटी, दोनचार सेल्फी, आणि चला आता फोंतेन्हासच्या जुन्या रंगीत वस्तीत. या सगळ्याच्या अगदी अंगाला लागून एक भलंमोठं जुनं घर उभं आहे, ते कुणाच्या फ्रेममध्ये येत नाही, आलंच तर फारियाच्या पाठीमागे ब्लर होऊन येतं. ते म्हामाय कामतांचं घर.

मी पणजीत एका ऑडिट फर्ममध्ये काम करते, मूळची डिचोलीची. घरात कोंकणी, वाचायला-लिहायला मराठी, ऑफिसात इंग्लिश आणि जमिनीचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये, म्हणजे इथल्या कुणासारखीच. दुपारी डबा खाऊन झाला की पाय मोकळे करायला नदीच्या बाजूला जाते, रिटर्न्सचे दिवस नसतील तर. आणि धंद्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, मोठं जुनं घर दिसलं की त्याचे खांब-कमानी मला नंतर दिसतात, आधी मनात येतं की हे उभं करायला पैसे कुठून आले असतील बाबा.

गोव्यात हा प्रश्न विचारायची पद्धत नाही. हेरिटेज टूरमध्ये तर नाहीच नाही. चांदरचं मिनेझिस ब्रागांझांचं घर बघा, झुंबरं, आरसे, नाचायचा हॉल. केपेला डीनचा राजवाडा आहे, १७८७चा, एका पाद्र्याने बांधलेला, पडायला आलेला होता आणि आता इतका सुंदर राखलाय की बघत राहावं. माझी या घरांशी काही तक्रार नाही, मी स्वतः पाहुण्यांना घेऊन जाते. पण ही जमिनीच्या जोरावर किंवा चर्चच्या आधाराने उभी राहिलेली घरं. जमिनीचा पैसा डोळ्यांना दिसतो, हे शेत, ही कुळागरं म्हणजे बागायती, हे नारळ मोजा. व्यापाऱ्याचा पैसा दिसत नाही, तो समुद्रावर असतो, कधी परत येतो, कधी नाही. त्यामुळे व्यापाऱ्याचं घर समजून घ्यायचं तर भिंती बघून काही होत नाही, वह्या लागतात.

त्यात हे घर फोटोला येत नाही याचंही कारण आहे. लोकांना हवं असतं ते 'पोर्तुगीज हाउस', म्हणजे पिवळी नाहीतर निळी भिंत, पुढे बल्कांव म्हणजे बसायचा कट्टा, शिंपल्याच्या कारेपांची खिडकी, वर बोगनवेल, आणि समोर टोपी घातलेली मुलगी. जुन्या हिंदू घरांची तऱ्हा वेगळी. बाहेरून म्हटलं तर साधी भिंत, आणि सगळा थाट आत. मध्ये राजांगण, राजांगणात तुळस, भोवताली वसरी, मग देवाची कूड म्हणजे खोली, बाळंतिणीची कूड, कोठार, वर माळो. बाहेरच्या माणसाने कुठपर्यंत यायचं ते ठरलेलं, सोप्यावर बसायला कुणीही, त्याच्या आत कोण हे नात्यावर आणि जातीवर. आता विचार करा, ज्या घराचा धंदाच परक्या माणसांशी आहे, फ्रेंच कप्तान, गुजराती वाणी, सरकारी अधिकारी, त्या घराला हा सोपा आणि आतलं घर यांच्यातला उंबरठा किती सांभाळावा लागत असेल. दिवसभर पुढच्या बाजूला अख्खं जग येऊन जायचं आणि मागे चुलीपाशी सोवळं.

पणजी तेव्हा शहरच नव्हतं हेही लक्षात घ्यायला हवं. जुन्या गोव्यात साथींनी माणसं मरायला लागली तसे व्हाइसरॉय आधी पणेलीला सरकले, मग १७५९ साली थेट पणजीत, या राजवाड्याची डागडुजी करून त्यात राहायला आले. भोवती खाजण, चिखल, नारळाची झाडं आणि रिबंदरकडून येणारा तीनेक किलोमीटरचा पूल, तो मात्र बराच जुना, १६३०च्या दशकातला. आज आपण ज्या सरळ रस्त्यांवर पार्किंग शोधत घिरट्या घालतो त्यातले बरेच दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने १८२७ ते १८३५च्या दरम्यान दलदलीत भराव घालून आखलेले, आणि राजधानी म्हणून कागदोपत्री शिक्का बसला तो १८४३ला. म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटी इथे राजवाड्याला खेटून राहणं याचा अर्थ काय होता? एका बाजूला सरकार, एका बाजूला धक्का, मध्ये तुम्ही. दलालाला याच्यापेक्षा चांगला पत्ता अख्ख्या गोव्यात नव्हता.

दलाल म्हटलं की हल्ली आपल्याला प्लॉट विकणारा आठवतो. तेव्हाचा दलाल म्हणजे बंदराचं अर्धं यंत्र. जहाज नांगर टाकून उभं राहिलं की मालाला गिऱ्हाईक बघायचं, परतीचा माल जमवायचा, खलाशांचा शिधा भरायचा, नाणं बदलून द्यायचं, हुंडी वटवायची, कस्टमचे कागद करायचे, कुणाला नजराणा पोचवायचा आणि कुणाला नाही ते बरोबर ओळखायचं, शिवाय कप्तानाचं कुणाशी भांडण झालं तर तेही निस्तरायचं. आणि सगळं घाईत, कारण पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा दांडा साचून मांडवी बंद व्हायची. जूनपासून पुढचे महिने बसून वह्या जुळवा, बुडालेलं-आलेलं बघा, आणि पाऊस ओसरला की परत धावपळ. आमचा मार्च एंडिंग बरा म्हणायचा.

पैसे लावायच्या पद्धतीही साध्या नव्हत्या. जोखमी हुंडी हा प्रकार मला फार आवडतो, म्हणजे धंद्याची अक्कल म्हणून आवडतो. माल सुखरूप पोचला तर हुंडीचे पैसे द्यायचे, जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा एकाच कागदात. समुद्रावरच्या कर्जाचंही असंच असायचं, जहाज परत आलं तर मुद्दल आणि भरभक्कम व्याज, नाही आलं तर गंगेला मिळाले. आता अशी हुंडी लिहिणाऱ्याला काय काय माहीत असावं लागेल, तर कप्तान कसा आहे, जहाज किती जुनं, कुठल्या महिन्यात निघतंय, वाटेत इंग्रज अडवतील का. म्हणजे बातमी हा या घराचा खरा कच्चा माल. राजवाडा शेजारी असल्याचा फायदा तो.

म्हामाय कामत हे असे दलाल होते, पण नुसते तेवढेच नव्हते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते गोव्यात फ्रेंचांचे एजंट होते. पोर्तुगीजांच्या राजधानीत राहायचं, पोर्तुगीज सरकारचे मक्ते घ्यायचे आणि काम फ्रेंचांचंही बघायचं, माहे, पाँडिचेरी, मॉरिशस इथली पत्रं यायची-जायची. वर मुंबई, सुरत, दमण, मोझांबिक, मकाव. ब्राझीलचा तंबाखू लिस्बनमार्गे गोव्यात यायचा, त्याची उलाढाल मोठी होती, गोव्यातल्या माणसाने तपकीर ओढली की त्याचे पैसे कुठल्या कुठे फिरायचे बघा. आणि पुढे १७९९ ते १८१३ इंग्रजांच्या फौजा गोव्यात येऊन बसल्या, फ्रेंच येतील या भीतीनेच. ज्याच्या घरात फ्रेंचांच्या पत्रांचे गठ्ठे होते त्याला या काळात झोप कशी लागली असेल कोण जाणे.

आता इथे माझी एक अडचण होते, आणि मला वाटतं गोव्यातल्या कुठल्याही मराठी वाचणाऱ्या माणसाची होत असेल. आम्ही लहानपणापासून ऐकलं ते असं की फिरंगी म्हणजे देवळं मोडणारा, बाटवणारा, इन्क्विझिशनवाला. हे खोटं नाही. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात १५६० साली आलं आणि मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडली तर १८१२पर्यंत राहिलं. तिसवाडी, बार्देस, साष्टी या जुन्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखातले देव नदीपार न्यावे लागले, फोंड्याकडे, डिचोलीकडे, आमच्या गावच्या आसपासची कितीतरी देवळं त्या पळापळीतली. पणजीत महालक्ष्मीचं देऊळ बांधायला परवानगी मिळाली ती १८१८ला, ज्या वर्षी तिकडे पुण्यात पेशवाई संपली. मग त्याच्या आधीची कितीतरी वर्षं एक हिंदू घराणं व्हाइसरॉयच्या भिंतीला भिंत लावून नांदतंय, मक्ते घेतंय, सरकारला पैसे पुरवतंय, हे कसं बसवायचं?

बसतं, पण त्यासाठी सरकार म्हणजे एकच डोकं ही कल्पना सोडावी लागते. एकाच राज्याच्या एका हाताला आत्मे हवे होते आणि दुसऱ्या हाताला महसूल. महसूल ज्यांच्याकडून यायचा त्यांच्याकडे पहिल्या हाताने जरा जपूनच बघायचं. हे पहिल्यापासून असंच होतं, सतराव्या शतकातही गोव्यातले बहुतेक सरकारी मक्ते हिंदू व्यापाऱ्यांकडे, त्यातही सारस्वतांकडे होते. आमच्या सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे पांडुरंग पिसुर्लेकर, ज्यांनी गोव्याचं दप्तरखानं अक्षरशः चाळून काढलं, त्यांनी पोर्तुगीजांचे हिंदू, मुसलमान, ज्यू, पारशी असे वकील-एजंट कागदातून शोधून काढून मांडलेच आहेत. हे वाचल्यावर कुणाला राग येतो, म्हणजे आपलीच माणसं त्यांना सामील होती तर. कुणाला अभिमान वाटतो, बघा आपल्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. मला दोन्ही वाटत नाही. ती माणसं धंदा करत होती. घर, देव आणि पैसा, तिन्ही टिकवायचे होते, आणि त्यांनी टिकवले, कुणाच्या तरी जिवावर टिकवले असतील तर तेही वहीत असणारच.

आणि आहेच. या घराची खरी गंमत, गंमत हा शब्द चुकीचाय पण असो, या घराचं वेगळेपण त्याच्या वास्तूत नाही, कागदात आहे. घराण्याच्या व्यवहाराचे कागद पिढ्यान् पिढ्या घरातच पडून होते. पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्लिश, गुजराती, मोडीतली मराठी, ज्याच्याशी व्यवहार त्याच्या भाषेत पत्र. गोव्यासारख्या हवेत, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि वाळवी दाराच्या चौकटीपासून सुरुवात करते, तिथे कागद दोनशे वर्षं टिकणं हाच चमत्कार. ते पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टोरिकल रिसर्चमध्ये गेले, हे सेंटर १९७९ साली निघालं, आणि तिथले पहिले संचालक तेओतोनियो डिसोझा यांनी ते पहिल्यांदा नीट जगापुढे आणले. तोपर्यंत गोव्याचा इतिहास लिहायचा म्हणजे पोर्तुगीज सरकारी दप्तर बघायचं, हे ठरलेलं. तेही काही कमी नाही म्हणा, इथलं दप्तरखानं १५९५चं आहे, दियोगु दु कोतु त्याचा पहिला रखवालदार. पण ते सगळं सरकारच्या बाजूने लिहिलेलं. पलीकडच्या माणसाची बाजू, देशी व्यापाऱ्याच्या स्वतःच्या वह्या-पत्रं, पहिल्यांदाच एवढ्या संख्येने हाती आली.

आणि त्या कागदांच्या आधारावर डिसोझांनी जे लिहिलं त्यातलं एक प्रकरण आहे गोव्यातल्या फ्रेंच गुलाम व्यापाराचं, १७७३ ते १७९१. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी ऑफिसात बसले होते आणि समोर कुठल्यातरी हॉटेलचा ताळेबंद होता. मी काही भाबडी नाही, गुलाम सगळीकडे होते, मोझांबिकहून गोव्यात आणलेले आफ्रिकन गुलाम घराघरांत होते हे आपण ऐकून असतो. पण ऐकणं वेगळं आणि रोजकीर्दीची सवय असलेल्या माणसाला ते वहीतलं म्हणून डोळ्यांसमोर येणं वेगळं. माझं सगळं आयुष्य जमा आणि नावेच्या दोन बाजू जुळवण्यात गेलंय. वही कशालाही नाही म्हणत नाही. तांदूळ, तंबाखू, माणूस, तिला फक्त आकडा लागतो, आणि आकडे जुळले की पान नीटनेटकं दिसतं. पोर्तुगीजांनी गुलामांच्या व्यापारावर बंदी आणली १८३६ला आणि त्यांच्या वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने रद्द झाली १८६९ला, म्हणजे त्यानंतरही कितीतरी वर्षं हे सगळं कायदेशीर नीटनेटकंच होतं.

अफूचंही तेच. ती आमच्याकडच्या मराठी वाचकांना जास्त टोचायला हवी कारण ती यायची माळव्यातून, शिंदे-होळकरांच्या मुलखातून. बंगालच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती, माळव्याची अफू मात्र तिच्या हाताबाहेर, ती किनाऱ्यावर उतरायची आणि पोर्तुगीज बंदरांतून, त्यात दमण सगळ्यात पुढे, मकावला आणि तिथून चीनमध्ये. मराठी संस्थानिकाचा शेतसारा, गुजराती सावकाराचं भांडवल, गोव्याच्या दलालाचं जहाज जमवणं, पोर्तुगीज झेंडा आणि चिनी माणसाचं व्यसन. आपण शाळेत पानिपत शिकलो, खर्डा शिकलो, हे कुणी शिकवलं नाही. त्या काळच्या पश्चिम किनाऱ्याच्या कुठल्याही मोठ्या व्यापारी घरात या पैशाचा वास आहे, मुंबईच्या तर दानशूर नावांतसुद्धा आहे, मग एकट्या या घराकडे बोट दाखवायचं कारण नाही. उलट या घराचे कागद आहेत म्हणून आपल्याला कळतं, बाकीच्यांनी कधीच बंबात घातले.

बंबावरून आठवलं. डिचोलीला माझ्या आजोळचं घर आहे, म्हामायांच्या घरापुढे लहानसंच पण तेही व्यापाऱ्याचं घर, सुपारी, नारळ, सोलं, मीठ, बाजारपेठेतली गादी आणि मागे राहतं घर. तिथे माळ्यावर लाल कापडात बांधलेले रुमाल होते, लांबट वह्या, मोडी. मामीला विचारलं तर ती म्हणाली, "अगो, त्या वह्या न्हाणीतल्या भाणाखाली घातल्या, कागद जाड होता, छान पेटायचा." भाण म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं भांडं. ती हे वाईट वाटून सांगत नव्हती आणि मलाही तिच्यावर रागवता येईना. घरात ते वाचणारं कुणी नाही, झुरळं होतात, पावसात वास येतो, आणि त्यात असणार काय तर कुणाची किती उधारी. पण त्या घराच्या दारावरची पितळी कडी मात्र आम्ही जपून ठेवलीय, पॉलिश करून. पितळ जपायचं आणि वह्या जाळायच्या, बहुतेक घरांत हेच झालंय.

घर राखणं ही काय चीज आहे ते गोव्यात राहिल्याशिवाय कळायचं नाही. चिऱ्याची भिंत, वर नळे किंवा नंतरची मंगळुरी कौलं, ती कौलं मंगळूरला १८६५पासून व्हायला लागली आणि मग सगळ्या किनाऱ्यावर पसरली. पावसाच्या आधी घर शाकारायचं, फुटलेली कौलं बदलायची, पन्हळी साफ करायच्या, कौलांवर चढणारा माणूस आता मिळत नाही, मिळाला तर त्याचा रोज ऐकून आपणच चढावं असं वाटतं. एक वर्ष चुकलं तर वाशाला पाणी, दोन वर्षं चुकलं तर वासा गेला. वासा गेला की माळो, मग भिंत. घर पडायला तोफ लागत नाही, चुलत भावांचं न बोलणं पुरतं.

कारण इथला कायदा. १८६७चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, तो गोवा मुक्तीनंतरही राहिला, मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा, नवराबायकोची मालमत्ता सामायिक. कायदा म्हणून उत्तमच, मी स्वतः बाई आहे, मला विचाराल तर देशभर व्हावा. पण तीन पिढ्यांत एका घराचे वाटेकरी होतात पंचवीस-तीस, एक मुंबईत, एक लिस्बनला, एक कॅनडात, आणि कौलं बदलायचा खर्च कुणी करायचा यावर कोर्टात वाटणीची, म्हणजे इन्व्हेंटरीची केस. आमच्या ऑफिसात अशा फायली येतच असतात. एकट्याला दुरुस्त करायचं नसतं कारण बाकीचे फुकट खाणार, आणि एकट्याला विकताही येत नाही कारण सगळ्यांच्या सह्या हव्यात. गंमत बघा, ज्या कायद्याने घरं पडतात त्याच कायद्याने ती वाचलीही आहेत. सह्या जमल्या असत्या तर पणजीतल्या निम्म्या जुन्या घरांच्या जागी केव्हाच सात मजले उभे राहिले असते आणि खाली मोबाइलचं दुकान.

तर या सगळ्यात एखादं घर अजून घर म्हणून उभं असणं, त्यात माणसं राहत असणं, दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले असणं, हे मला राखणं वाटतं. तिकीट लावून दोरखंड बांधून 'कृपया स्पर्श करू नये' लिहिलेल्या खोल्यांपेक्षा जास्त वाटतं. अनंत चतुर्दशीला त्या घरात अनंताची पूजा असते आणि पणजीकर दर्शनाला जातात. मीही गेलेय. रांगेत समोरच्याच्या पाठीशिवाय आणि चपला कुठे ठेवल्या या काळजीशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे आतल्या कलाकुसरीचं वर्णन माझ्याकडे मागू नका. पण ज्या घराच्या सोप्याच्या आत एके काळी परक्याला पाऊल टाकता येत नव्हतं असं मी वर म्हटलं, तिथे वर्षातून एकदा का होईना शहर सरळ आत शिरतं, देव बघतं, प्रसाद घेतं आणि बाहेर येऊन पार्किंगवरून भांडतं.

पुण्याहून माझी एक मैत्रीण येते, आर्किटेक्ट आहे, तिला हे घर दाखवलं तर तिचं पहिलं वाक्य, "अगं मग याचं म्युझियम का नाही करत?" मी म्हटलं, राहतात ना लोक. ती म्हणाली, पुढचा भाग तरी. सोप्यावर जुना तराजू, दौत-टाक, एक पुतळा बसवायचा मुनिमाचा. मला हसूच आलं. तो मुनीम काय लिहितोय ते पण दाखवणार का, म्हटलं. तंबाखू दाखवाल, फ्रेंच पत्र दाखवाल, सुंदर अक्षर असतं, लॅमिनेट करून लावाल. गुलामांचा व्यवहार लावाल? ती गप्प झाली, मग म्हणाली, "घरच्यांना काय वाटेल?"

हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर बराच विचार केलाय. आपल्या आजोबा-पणजोबांची वही बाहेरच्याने उघडावी आणि नको ते पान वाचावं हे कुणाला आवडेल? आमच्याकडे क्लायंट साधी फोनची बिलं दाखवताना कुरकुरतात. आणि इथे तर उघड आहे की घराण्याचं नाव त्या कागदांना कायमचं चिकटणार, जगात कुठेही कुणी हिंदी महासागरातल्या गुलामांवर, अफूवर लिहिलं की तळटीपेत म्हामाय हाउस. तरी ते कागद अभ्यासकांच्या हाती गेले. आमच्यासारखं भाणाखाली नाही घातले. झुंबर राखायला पैसे लागतात, हे राखायला दुसरंच काहीतरी लागत असणार, आणि माझ्या मते गोव्यातल्या कुठल्याही घराने राखलेली ही सगळ्यात मोठी वस्तू आहे, भले ती त्या घरात नसेना का.

मैत्रिणीला मी सांगितलंय की पुढच्या वेळी आलीस की आबे फारिया, फोंतेन्हास, चर्चच्या पायऱ्या सगळं कॅन्सल, आपण पूल ओलांडून पर्वरीला जायचं. ती म्हणते पर्वरीत बघायला काय आहे, मॉल? म्हटलं मॉलच्या अलीकडे वळायचं की पलीकडे ते आधी बघून ठेवते, तू फक्त सकाळी लवकर तयार हो, नऊनंतर त्या रस्त्याला लागलो तर जेवायलाच पोचू.